उष्मांकांची खतावणी

वजन उतरविण्यासाठी प्रत्येक घासातील प्रथिने, स्निग्धांश व कर्बोदके यांची रोजकीर्द कसोशीने लिहिणारा आजचा मनुष्य ज्या आकड्यांवर विसंबतो, ते दर ग्रॅमास अनुक्रमे चार, नऊ व चार उष्मांक हे प्रमाण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत, मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने रूढ केले. जर्मनीत माक्स रुबनरने त्याआधीच 4.1, 9.3 व 4.1 असे गुणांक काढले होते. ॲटवॉटरने मात्र ताम्रपत्र्याच्या भिंतींच्या बंद कोठडीत माणसास दिवसच्या दिवस ठेवून, त्याने खाल्लेल्या अन्नाचा, टाकलेल्या मलमूत्राचा व देहातून निघालेल्या उष्णतेचा ताळेबंद मांडला आणि न पचलेला अंश वजा घातला. हे गुणांक मिश्र आहाराच्या सरासरीचे. अख्ख्या बदामातील पुष्कळसा स्निग्धांश पेशींच्या भिंतींत अडकून न पचताच बाहेर पडतो, याची दखल त्यांत नाही. तेव्हा सरासरीच्या पायावर दशांशांचे मनोरे रचणे हा, माझ्या मते, हिशेबी वृत्तीचा अतिरेक होय, जरी ढोबळ नोंद निःसंशय उपयुक्त असली तरी.

हे शास्त्र स्थूलतेच्या चिंतेतून जन्मले, असेही नव्हे. मजुराने अल्प पैशात अधिक पोषण कसे पदरात पाडावे, हा ॲटवॉटरचा मोठा ध्यास होता. कृश होण्यासाठी उष्मांक मोजण्याची प्रथा अमेरिकेत लोकप्रिय केली ती डॉ. लुलू हंट पीटर्स यांच्या 1918 च्या पुस्तकाने, आणि त्यांचे परिमाणही सुटसुटीतच होते: प्रत्येक पदार्थाचा शंभर उष्मांकांचा वाटा.