खेळाचे गुण

दिवाळीत फुलबाजी घेऊन अंगणभर धावणाऱ्या नातवाची प्रकृती कशी आहे, हे आजीला कोणी सांगावे लागत नाही. “पोर खेळतंय ना? मग काळजी नको,” एवढे तिचे माप. हे माप वैद्यकशास्त्राच्या वहीत कसे चढले, त्याची हकीकत मला मोठी विचार करण्याजोगी वाटते.

1948 साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या 16 मुलांवरील अमिनोप्टेरिन या औषधाचे प्रयोग प्रसिद्ध केले. आंध्रातून अमेरिकेस गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली ते औषध तयार झाले होते. 10 मुलांना उतार पडला, पण तो अल्पकाळच टिकला. मूल आणखी किती दिवस जगेल, हाच तेव्हा मुख्य प्रश्न होता.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी रोग्याच्या स्थितीला शंभरपैकी गुण देण्याची रीत मांडली. कामधंदा जमतो का, स्वतःचे स्वतः आवरता येते का, हे तिचे निकष. परंतु चार वर्षांच्या मुलाचा कामधंदा कोणता? खेळ! हे उत्तर कागदावर यावयास 1985 साल उजाडले. लॅन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाची मोजपट्टी केली आणि गुण देण्याचे काम आईबापांकडे सोपविले. नेहमीसारखे हुंदडणाऱ्या मुलाला 100. कपडे घालून दिवसभर लोळणाऱ्या, पण बैठ्या खेळात रमणाऱ्याला 50. खेळत नाही आणि अंथरुणातून उठतही नाही, त्याला 10.

तरीही एक उणीव होतीच. खेळ बाहेरून दिसतो. मनातले भय दिसत नाही. अमेरिकेतील जेम्स वार्नी यांनी म्हणून मुलांनाच विचारावयाचे ठरविले. त्यांच्या 2001 सालच्या प्रश्नावलीत 23 प्रश्न होते. पाच ते सात वर्षांच्या मुलांना ते वाचून दाखवावयाचे आणि मुलांनी चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवावयाचे. 2002 साली कर्करोगाच्या मुलांसाठी वेगळी पुरवणी आली: दुखणे, मळमळ, सुईची भीती, आपण कसे दिसतो याची खंत. आईबापांची आणि मुलांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत, हेही ध्यानात आले. म्हणून दोघांनाही विचारण्याची प्रथा पडली.

आज संपन्न देशांत अशी शंभरांतील ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण फारच कमी आहे. पण जिथे मूल वाचते, तिथे ते कसे जगते हे पाहणेही आलेच. आजीचे माप खरेच होते. फक्त अंगणातून घरात आल्यावर नातवाला जवळ घेऊन “तुला कसं वाटतंय रे?” एवढे विचारावयाचे राहिले होते.