तेलाची तोटी आणि परतीची नळी

स्मरणिकेसाठी काही इतिहासपर लिहावे, असा आग्रह मंडळाच्या चिटणीसांनी केला. गडकोटांचा इतिहास जाणत्यांनी लिहावा. ज्या यंत्राने आमच्या विहिरीवरील मोट उतरविली, त्याच्या दोन लहान अवयवांचे वृत्त मी ज्ञातिबांधवांपुढे ठेवतो.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर आपल्या श्रीरामपूर भागात ऊस उभा राहिला. पाटाची पाळी लांबली की विहिरीकडे धाव घ्यावी लागे. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना स्थापन झाला आणि पुढे गावोगावच्या विहिरींवर इंजिनाचा आवाज घुमू लागला.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले. त्यात ठिणगी नसते; दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते. म्हणून ते थांबवावयाचे तर तेलच तोडावे लागते. ते काम पंपावरील दांडीचे. परंतु घाईत टाकीची तोटी बंद करून इंजिन थांबविणारे पुष्कळ! मग नळीत हवा शिरते आणि पुढच्या वेळी हँडल मारता मारता दंड भरून येतात.

आरंभी तेल दाबाच्या हवेने फवारीत व त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागे. १९२७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने तेलपंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, तेव्हा लहान इंजिन सुकर झाले. नोझलच्या सुईभोवतीचे किंचित तेल निसटतेच. सुईला वंगणही त्याचेच. ते परत टाकीत नेते ती परतीची नळी होय.

१९१२ साली ‘सेलांडिया’ हे डिझेलवरील जहाज कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत गेले. पुढच्याच वर्षी डिझेलसाहेब इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसे झाले. ती बोट वाफेवर चालणारी होती, हा दैवदुर्विलास.

मुलांची सहल घेऊन रत्नागिरीस गेलो असता एका तांडेलाने मला मचव्याचे इंजिन दाखविले. टाकीची तोटी मुद्दाम इंजिनाच्या खणाबाहेर, वरून हात पोहोचेल अशी होती. शेतात नळी फुटली तर तेल मातीत जिरते. मचव्यात ते तळाशी, तापलेल्या इंजिनाखाली साचते, आणि आग लागल्यावर खणात हात घालता येत नाही. टाक्या दोन असल्या तर ज्या टाकीतून तेल घ्यावे तिच्यातच परतीचे सोडावे, अन्यथा दुसरी भरून वाहते. परतीच्या नळीस तोटी का नाही, असे मी विचारले. “चालू इंजिनात ती कोणी चुकून बंद केली तर, गुरुजी?” एवढेच तो म्हणाला. तेलास वाट न मिळाल्यास दाब साचून काहीतरी फुटणार, हे उघड होते.

आमच्या इंजिनाची परतीची नळी तुटलेली होती व तिच्याखाली डबा टांगला होता. १९७२ च्या दुष्काळात विहिरीत दिवसाकाठी दोन तासांचे पाणी साठे. मी लहान होतो. काटकसर म्हणून डब्यातील तेल न गाळता टाकीत ओतले. आतील गाळणी फाटकी असल्याचे मला ठाऊक नव्हते. नोझल अडकले, काळा धूर निघाला, इंजिन बसले. मिस्त्री चौथ्या दिवशी आला. तोवर बैलांसाठी राखलेल्या घासाचे दोन वाफे वाळून गेले होते. वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी नवी नळी थेट टाकीपर्यंत नेली. डबा मात्र पुढे कित्येक वर्षे तेथेच टांगलेला होता.