माळ टिकली, फर्मान विरलं



पाडव्याला आपण ठरवतो, यंदा मिसरी सोडायची, चहातली साखर कमी करायची, रोज पहाटे चालायला जायचं. अक्षय तृतीया येईपर्यंत तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा वास पुन्हा गल्लीत येतो. मग घरातले म्हणतात, बाईचं मन कच्चं. मला ते पटत नाही. मन कच्चं असतं तर याच बाईनं वर्षाच्या २४ एकादश्या कशा पाळल्या असत्या? अधिक महिना आला तर २६ होतात, त्याही ती सोडत नाही. गळ्यात माळ पडली की चाळीस-चाळीस वर्षं वशाटाला हात न लावणाऱ्या बाया आपल्या प्रत्येक गावात आहेत. एकाच बाईचा एक नियम टिकतो आणि दुसरा महिनाभरात विरतो. तेव्हा फरक बाईत नाही, नियम कसा धरला यात आहे. त्याचा इतिहास आपल्या कयाधूच्या काठाजवळून जातो, म्हणून आज त्याबद्दल बोलते.

परंपरेनं संत नामदेवांचा जन्म आपल्या नर्सीचा, २६ ऑक्टोबर १२७०, कार्तिक शुद्ध एकादशी. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा धंदा शिंप्याचा. इथून जवळच्या औंढ्याला विसोबा खेचर त्यांना गुरू भेटले. पुढं ते पंजाबापर्यंत गेले आणि शीखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची पदं आहेत, हे आपल्या शाळेतल्या लेकरांनाही माहीत असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. गोरोबा कुंभार, सावता माळी, चोखोबा, गंगाखेडची जनाबाई अशी कष्टकरी माणसं नामदेवांच्या भोवती जमली. भक्ती एकट्यानं गुहेत बसून करायची राहिली नाही, ती चारचौघांत, उभ्यानं, टाळ वाजवत करायची झाली. नियमाला सोबत मिळाली ती इथं.

आता माळेकडं बघा. माळ घेताना काय करतात? माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात, कुणा जाणत्या वारकऱ्यासमोर ती उचलून गळ्यात घालतात. नियम थोडेच आणि स्पष्ट : दारू-मांस नाही, एकादशी करायची, वर्षातून एकदा तरी वारी, रोज हरिपाठ. ‘जमेल तसं करीन’ असला गोलमाल त्यात नाही. शिवाय माळ सगळ्यांना दिसते. लग्नाच्या पंगतीत वाढणारा गळ्याकडं बघतो आणि वाटी पुढं नेतो, तुम्हाला नको म्हणायचीही वेळ येत नाही. दोरा जुना होऊन माळ तुटली तर? मणी वेचायचे, ओवायचे, पुन्हा घालायची. तुटली म्हणून संपली, असं कुणी म्हणत नाही.

दिंडीचंही असंच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला आज दिसते ती शिस्त लावली. प्रत्येक दिंडीला क्रमांक, वीणेकरी ठरलेला, टाळकरी ओळीत, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. घरी विहिरीपर्यंत जायला कंटाळणारी सासूबाई एवढं चालते, कारण ओळीतली तिची जागा रिकामी राहिली तर मागची-पुढची विचारते, ‘काय झालं गं?’

आता दुसरी बाजू ऐका. नामदेवांच्या काळात तंबाखू आपल्या देशात नव्हताच. तो अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो पश्चिम किनाऱ्यावर आला आणि दख्खनेत पसरला. १६०५ च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदारानं विजापूरहून तो आग्र्याला नेला आणि रत्नजडित हुक्क्यासह अकबर बादशहापुढं ठेवला. हकिमानं नको म्हटलं, तरी बादशहानं दोन झुरके घेतलेच. त्याचा मुलगा जहांगीर बारा वर्षांनी, १६१७ मध्ये, तंबाखूवर बंदीचं फर्मान काढतो. इराणच्या शाह अब्बासनंही तशीच बंदी केली होती. गंमत अशी, की जहांगीरचाच वकील खान आलम इराणच्या दरबारी गेला, त्याला घटकाभरही तंबाखूवाचून राहवेना, शेवटी शाहनं त्याला मुभा दिली. फर्मान काढणाऱ्या दोन्ही बादशहांना एक माणूस आवरला नाही! तंबाखू तिथून आपल्या ओसरीपर्यंत आला. आपल्या सरकारनं २०१२ मध्ये गुटखाबंदी केली, ती हवीच होती. पण पुडी अजून कुठं मिळते, हे मी सांगायला नको.

म्हणजे माळेच्या नियमात मिसरी का नाही, याचं उत्तर इतिहासात आहे. नियम बसले तेव्हा हे व्यसनच नव्हतं. ‘माळेत कुठं मिसरीला मनाई आहे?’ असं म्हणणाऱ्या मावशीला मी हेच सांगते. राज्यात दर १०० बायांपैकी सुमारे १७ जणी तंबाखू घेतात, असं २०१६-१७ च्या सर्वेक्षणात दिसलं. त्यात बहुतेक सगळा बिनधुराचा, म्हणजे मिसरी, तंबाखू-चुना, गुटखा. दात साफ होतात, मिसरी लावल्याशिवाय परसाकडला होत नाही, ही आपली कारणं. होतं काय, तर हिरड्या सुटतात, तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो आणि पोटुशी बाई मिसरी लावत असेल तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो.

एकादशीच्या ताटाचंही तेच. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, रताळं, हिरवी मिरची, यातलं एकही नामदेवांच्या काळी इथं नव्हतं. सगळी समुद्रापलीकडची पिकं. साबुदाणा तर एका कंदाच्या पिठाचा, तमिळनाडूत सेलमकडं त्याचे कारखाने १९४० नंतर उभे राहिले. तो जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. उपवास पोटाला विसावा म्हणून असेल तर खिचडी, वडे, वर गोड लस्सी कशासाठी? ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्याच आज्यांनी म्हणून ठेवलंय. ज्यांना शुगरची गोळी चालू आहे त्यांनी कडक उपास करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. त्यात धर्म बुडत नाही.

मग करायचं काय? बचत गटाची दशसूत्री आपण बैठकीत म्हणतो. पहिल्या पाच सूत्रांचं रजिस्टर आपण चोख ठेवतो. हप्ता चुकला की अध्यक्षाबाई घरी येते. सहावं सूत्र आरोग्याचं, ते मात्र तोंडीच राहतं. त्याला रजिस्टरात एक रकाना द्या. प्रत्येकीनं एकच नियम सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचा. ‘तब्येत सांभाळीन’ नको, ‘मिसरीची डबी आज गटात जमा करते’ असा. पुढच्या बैठकीत नाव घेऊन विचारायचं, पण दंड लावायचा नाही. दंड लावला की बाया लपवतात, असा माझा अनुभव आहे.

तारखा शोधायला नकोत. आषाढीला नियम धरा. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, लेकरांवर ओरडणं होईल. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. त्या दिवसांत आशाताईला गाठा किंवा १८००-११-२३५६ या मोफत नंबरवर बोला, तिथं तंबाखू सोडायला मदत करतात. पंधरा दिवसांनी आषाढ वद्य एकादशी, आपल्या नर्सीची परतवारी. पंढरपूरहून परतलेले आणि पंढरपूरला जाऊ न शकलेले, दोघंही त्या दिवशी नामदेवांच्या दर्शनाला येतात. गटानं मिळून या. जिची मिसरी पंधरा दिवस सुटली ती येईल. जिची मधेच पुन्हा सुरू झाली, तिला तर घरी जाऊन, हाताला धरून आणा, आणि त्याच दिवशी तिच्या रकान्यात नवी तारीख घाला.