कंट्रोल-बीचा पणजोबा

शब्द सिलेक्ट करायचा, कंट्रोल-बी दाबायचं, झाला ठळक! पण मंडळी, या 'ठळक'चा एक पणजोबा आहे, लंडनचा. नाव क्लॅरेंडन.

त्याच्या घराण्याला स्लॅब सेरिफ म्हणतात. जाडजूड अक्षर आणि टोकांना विटांसारख्या पट्ट्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भिंती लॉटरीच्या नि नाटकांच्या जाहिरातींनी भरून गेल्या, आणि पुस्तकातलं नाजूक अक्षर तिथे लांबून दिसेना. मग १८१५च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्सने ही दणकट अक्षरं आणली. पुढे त्यांना 'इजिप्शियन' असं नाव पडलं. इजिप्तशी काडीचा संबंध नाही, पण तेव्हा तिथल्या गोष्टींचं वेड होतं. मार्केटिंग तेव्हाही असंच चालायचं :-)

ही झाली भिंतीवरची गोष्ट. पुस्तकात एखादा शब्द उठून दिसायला हवा असेल, तर छापखानेवाले हाताला लागतील ते जाड खिळे मध्येच घुसवायचे. शेजारच्या अक्षरांशी त्यांचं वळण जुळायचंच असं नाही.

१८४५ साली फॅन स्ट्रीट फाउंड्रीच्या रॉबर्ट बेस्लीने यावर उत्तर काढलं, तेच क्लॅरेंडन. अक्षरं कोरली बेंजामिन फॉक्सने. पट्टी जिथे दांड्याला मिळते तिथे हलकी गोलाई, आणि साध्या मजकुराच्या ओळीत मुकाट बसेल अशी बेताची रुंदी. शब्दकोशात शब्द ठळक आणि अर्थ साधा, ही सोय अशा टाइपमुळेच झाली.

बेस्लीने डिझाइन कायद्याखाली टाइपची रीतसर नोंदणी केली. पण संरक्षण किती? फक्त ३ वर्षं! मुदत संपली आणि इतर फाउंड्र्यांनी धडाधड नकला काढल्या. अमेरिकेत १८२७पासून डॅरियस वेल्सने लाकडी टाइप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली होतीच. तिथे क्लॅरेंडनचे नाना अवतार निघाले. वेस्टर्न सिनेमातलं 'वाँटेड'चं पोस्टर आठवा, ते याच घराण्यातलं. पुढे अमेरिकन राष्ट्रीय उद्यानांच्या पाट्यांवरही बरीच वर्षं क्लॅरेंडन होता.

मग नकलांनी बेस्लीचं वाटोळं झालं का? छे! १८६९मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला. आणि फॉक्स? टाइपच्या इतिहासात रस असलेले सोडले तर त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. कोड एकाने लिहायचा आणि रिलीजच्या मेलमध्ये नाव दुसऱ्याचं... ओळखीचं वाटतंय ना?

नकलांवरून भांडणं आपल्या धंद्यातही रोज होतात. पण माझ्या मते नकलेने फॉक्सचं काही हिरावलं नाही, उलट त्याचं वळण जगभर गेलं. हिरावलं ते श्रेय, आणि ते द्यायला कुठलाही कायदा लागत नव्हता. एक ओळ पुरली असती. साध्या टाइपातलीही चालली असती.

असो.