‘आम्हांस ठाऊक नाही’

अडाणी माणसाला, त्यातही सारे कळल्याच्या तोऱ्यात वावरणाऱ्या अडाण्याला, इंग्रजीत ‘इग्नोरेमस’ म्हणण्याची जुनी रीत आहे. शब्द दिसतो नामासारखा. पण मुळात ते लॅटिनमधले एक अख्खे वाक्य आहे : ‘आम्हांस ठाऊक नाही’! (तेव्हा त्याचे लॅटिन थाटाचे अनेकवचन करू पाहणारे पंडित आपण होऊन त्याच पंगतीला जाऊन बसतात.) त्यातला ‘ग्नो’ हा आपल्या ‘ज्ञा’ धातूचा सख्खा भाऊ, आणि आरंभीचा नकार म्हणजे आपल्या ‘अज्ञाना’तला ‘अ’.

हे वाक्य इंग्लंडातल्या न्यायालयांत रुळले. खटला चालण्यापूर्वी आरोपपत्र ग्रँड ज्यूरीपुढे येई. पुरावा पटला तर त्यावर ‘आरोप खरा’ अशा अर्थाचा शेरा पडे. न पटला तर ‘इग्नोरेमस’. म्हणजे हा शब्द शिवी नव्हती. जबाबदार माणसांची ती कबुली होती.

शिवी केली ती एका नाटकाने. केंब्रिजच्या जॉर्ज रगलचे ‘इग्नोरेमस’ हे लॅटिन प्रहसन १६१५ च्या मार्चमध्ये पहिल्या जेम्स राजापुढे झाले. त्यातला त्याच नावाचा वकील मोडक्या लॅटिनची आणि कायद्याच्या बोलीची अशी काही खिचडी करतो, की राजेसाहेब मे महिन्यात ते पुन्हा पाहावयास आले. वकीलमंडळी अर्थातच चिडली.

हसण्यावारी गेलेल्या या शब्दावर पुढे माणसांचे प्राण टांगले गेले. १६८१ च्या जुलैत स्टीफन कॉलेज नावाच्या सुतारावरील राजद्रोहाच्या आरोपपत्रावर लंडनच्या ज्यूरीने ‘इग्नोरेमस’ लिहिले. सरकारने काय करावे? प्रकरण उचलून ऑक्सफर्डला नेले! तिथली ज्यूरी राजाला अनुकूल. ३१ ऑगस्टला बिचारा फासावर गेला.

मग पाळी आली दुसऱ्या चार्ल्सचा कट्टर विरोधक अर्ल शाफ्ट्सबरी याची. २४ नोव्हेंबरला लंडनच्या ज्यूरीने पुन्हा तेच लिहिले. रस्तोरस्ती होळ्या पेटल्या. पदकही पाडले गेले, त्यावर एका बाजूस शाफ्ट्सबरी आणि दुसरीकडे ढगांतून डोकावणारा सूर्य.

पण ज्यूरी निवडीत शेरीफ. पुढल्याच वर्षी राजपक्षाने शेरीफच आपले आणले. आता तो शेरा पडणार नाही हे ओळखून शाफ्ट्सबरी हॉलंडला पळाला, आणि १६८३ च्या जानेवारीत तिथेच वारला.