बालपणाचा पुरावा

समोर बसलेला माणूस पन्नाशीचा, नोकरीतला, लेकुरवाळा. त्याच्या हाती चित्रांचं पुस्तक दिलं जातं. त्यात मजकूर नाही. बेडूक हवेत उडत गावावरून चाललेत. काय चाललंय ते त्यानं सांगायचं. मग दात कसे घासतात ते हातवारे करून दाखवायचं. स्वमग्नता (ऑटिझम) तपासणाऱ्या ‘एडॉस’ चाचणीतला हा भाग खास मोठ्यांसाठीचा आहे. तो पोरासोरांच्या खेळासारखा वाटतो, कारण ऑटिझम वैद्यकशास्त्रात शिरला तोच बालविभागाच्या दारातून.

बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा. त्याच्या वडिलांनी कॅनरना ३३ पानी पत्र धाडलं होतं. आईबापांना जे आठवतं ते निदानाचा आधार, हा पायंडा तिथूनच पडला. १९७१ मध्ये कॅनरनी त्या अकराजणांचा मागोवा घेतला तेव्हा डोनाल्ड बँकेत नोकरी करत होता. सरकारी मनोरुग्णालयांत खितपत पडलेल्यांची मात्र दैना झाली होती. मुलं मोठी होतात, हे एवढं उघड असूनही १९८० च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत नाव राहिलं ‘शैशवी ऑटिझम’. लक्षणं तीस महिन्यांच्या आत दिसली पाहिजेत, ही अट.

मोठ्यांसाठी वाट मोकळी झाली ती लंडनमध्ये. लॉर्ना विंग मानसोपचारतज्ज्ञ होत्या, आणि एका स्वमग्न मुलीची आईही. व्हिएन्नाच्या हान्स ॲस्परगर यांचं विस्मरणात गेलेलं जर्मन काम त्यांनी १९८१ मध्ये इंग्रजी वाचकांपुढे आणलं, आणि सोबत स्वतः पाहिलेल्या ३४ जणांची माहिती दिली. त्यांत पाच वर्षांचं पोर होतं तसा पस्तिशीतला माणूसही. (याच ॲस्परगरनी काही मुलांना नाझींच्या हत्याकेंद्राकडे पाठवल्याचं २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी पुढे आलं. निदानाला चिकटलेलं त्यांचं नाव आता अनेकांना नकोसं झालंय, त्यात नवल नाही.)

२००१ मध्ये केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटानं मोठ्यांमधला स्वमग्नतेचा कल मोजणारी ५० विधानांची प्रश्नावली काढली. पार्टीपेक्षा ग्रंथालय बरं वाटतं का? गाड्यांचे नंबर आपसूक नजरेत भरतात का? त्याच वर्षी ‘वायर्ड’ मासिकानं ती छापली आणि लोक घरबसल्या स्वतःचे गुण मोजू लागले. ३२ च्या वर गेलं की धस्स व्हायचं, किंवा हायसं वाटायचं. हे निदान नव्हे, असं तिचे कर्ते बजावत राहिले. पण दवाखान्यापर्यंत जायला तेवढं निमित्त पुरे होतं.

इंग्लंडमध्ये २००९ साली प्रौढ स्वमग्नांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. गायिका सुझन बॉईल यांच्यावर लहानपणी ‘मेंदूला इजा’ असा शिक्का बसला होता. खरं निदान झालं ते पन्नाशी उलटल्यावर. २०१३ च्या अमेरिकी पुस्तिकेनंही मान्य केलं की लक्षणं मुळात बालपणीच असली, तरी जगण्याचा ताण वाढेपर्यंत ती पुरती उघडी पडतीलच असं नाही.

बालपणाचा पुरावा मात्र सुटला नाही. पालकांच्या प्रमाणित मुलाखतीत मूल चार-पाच वर्षांचं असताना कसं होतं, यावर भर असतो. पेशंट पंचावन्नचा असेल तर आई ऐंशीची. ती हयात असली, तरी पाच भावंडांतलं नेमकं कोण बोट दाखवून वस्तू मागायचं, हे तिनं कसं सांगावं?

भारतात १९९५ च्या अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला, आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे. पण आज पंचेचाळिशीत असलेल्यांची शाळा त्याआधीच संपली होती. आपल्याकडे तेव्हाच्या प्रगतिपुस्तकात सापडलाच तर ‘एकलकोंडा आहे’, ‘वर्गात लक्ष नसते’ असा शेरा सापडतो, आणि आई नसेल तेव्हा तज्ज्ञाला त्यावरच काम भागवावं लागतं.