ताणाची आंबट पिशवी

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू 10 च्या आसपास आहे. सामू हा शब्द शेतकऱ्याला माती तपासणीच्या कागदावरून ठाऊक असतो. 7 च्या वर गेला की अल्क, खाली आला की आम्ल. आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. ही मोजपट्टी 1909 मध्ये सोरेन्सन यांनी आखली, तीही कोपनहेगनच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत!

आमच्याकडचा दुसरा घरोघरचा शब्द 'टेन्शन'. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या 6 जिल्ह्यांना पॅकेज दिले, त्यांत बुलडाणा होता. यावरून काय ते समजा.

टेन्शनचा शरीरातला माग हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये माँट्रियलला काढला. उंदरांना थंडी, जखम, विष काहीही द्या, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी मोठ्या होत. त्या ग्रंथींना हुकूम सोडते मेंदूच्या तळाची वाटाण्याएवढी पीयूषिका. तिचा निरोप्या एसीटीएच. पेशी आधी एक लांब प्रथिन बनवते, मग विकरे त्याचे तुकडे पाडतात. एक तुकडा एसीटीएच, दुसरा वेदना शमवणारा बीटा-एंडॉर्फिन. ताण आणि उतारा एकाच धाग्यातले! कवीला आणखी काय हवे?

हे कापकाम पेशीतल्या इवल्या पिशव्यांत चालते. तिथला सामू साडेपाचच्या आसपास, रक्ताचा 7.4, म्हणजे पिशवी रक्ताहून सुमारे 80 पट आम्ल. हे आम्ल नसेल तर विकरे नीट कापत नाहीत. साठवणही त्यातच. 2009 मध्ये समीर माजी, रोलंड रीक आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवले, की अशा पिशव्यांत संप्रेरके अमायलॉइडच्या दाट रूपात रचून ठेवलेली असतात आणि बाहेर पडल्यावर सुटी होतात. अमायलॉइड म्हणजे अल्झायमरमुळे बदनाम झालेला तोच प्रकार. माजी पुढे मुंबईच्या आयआयटीत आले.

हे सांगायचे कारण, 'शरीरातले आम्ल काढा, टेन्शन जाईल' म्हणत अल्कली पाण्याची यंत्रे विकणारे आता तालुक्यापर्यंत पोचले आहेत. रक्ताचा सामू फुप्फुसे आणि मूत्रपिंडे सांभाळतात. यंत्राचे पाणी जठरातल्या आम्लातच संपते. पीयूषिकेची पिशवी फार लांब राहिली. कर्जाच्या हप्त्याने झोप उडालेल्या माणसाने त्यावर पैसे घालू नयेत. 2022 पासून सुरू झालेल्या टेलिमानसच्या 14416 या नंबरावर त्याला फुकट बोलता येते, आणि मराठीत.